जुन्या आउटबोर्ड मोटरचा गिअर नीट पडत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आउटबोर्डचे, म्हणजे नावेच्या मागे लावायच्या इंजिनाचे, हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक जण पूरभागातले असतात: चिखली, आंबेवाडी, करवीरचा नदीकाठ, शिरोळकडची गावं. मोटर सेकंडहँड, बहुधा मालवण-रत्नागिरीकडून किंवा गोव्यातून आणलेली, आणि वर्षातले दहा महिने कुठल्यातरी शेडमध्ये उभी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. त्या चार फुटांच्या मधल्या वेळात मोटर खोलून बसता येत नाही. म्हणून हे पान मे महिन्यातच वाचा आणि मोटर समोर ठेवून वाचा.

सगळ्या उत्तरांना लागू असलेली एक गोष्ट आधी सांगतो. पंख्याला (प्रोपेलरला) हात लावण्यापूर्वी किल स्विचची, म्हणजे इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या स्विचची, क्लिप काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा आणि सेल्फ असेल तर बॅटरीची वायर सोडवा. हाताने पंखा फिरवताना इंजिन एक ठोका जरी चाललं, तरी बोटं जातात.

१. या मोटरीत गिअर नक्की असतो कुठे? गाडीसारखा गिअरबॉक्स आहे का?

नाही. गिअर सगळ्यात खाली, पाण्यात बुडालेल्या भागात, पंख्याच्या पुढे असतात. इंजिनातून एक उभा शाफ्ट खाली येतो. त्याच्या टोकाचं छोटं पिनियन पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही गिअरना कायम लागलेलं असतं. इंजिन चालू असलं की ते दोन्ही गिअर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतच राहतात, न्यूट्रलमध्येसुद्धा. त्यांच्या मधोमध, पंख्याच्या शाफ्टवर, दात असलेला एक तुकडा सरकतो. तो डॉग क्लच. तो पुढच्या गिअरला अडकला की फॉरवर्ड, मागच्याला अडकला की रिव्हर्स, मध्ये राहिला की न्यूट्रल.

त्याला सरकवणारी साखळी अशी: हातातलं हँडल, केबल किंवा लिंक, इंजिनावरचा लिव्हर, खाली जाणारा शिफ्ट रॉड, त्याच्या टोकाचा कॅम, आणि शेवटी डॉग. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत ही साखळी येणार आहे, तेव्हा ती डोक्यात बसवून घ्या.

२. गिअर टाकताना ‘खट्ट’ असा आवाज येतो. काही मोडलंय का?

एकच खणखणीत ‘खट्ट’ येत असेल तर सगळं ठीक आहे. डॉगचे दात फिरत्या गिअरच्या खाचेत पडतात, त्याचा हा आवाज. ‘कर्रर्र’ असा लांबलेला आवाज मात्र वाईट. दात खाचेत न पडता वरून उड्या मारत जातात तेव्हा तो येतो.

याचं पहिलं कारण मोटर नसून आपला हात असतो. मोटारसायकलची सवय असलेला माणूस हँडल हळूहळू, जपून सरकवतो. इथे तसं करायचं नाही. इंजिन स्लोवर आणा, क्षणभर थांबा, आणि मग हँडल ठामपणे, एका दमात टाका. हळू टाकलेल्या प्रत्येक गिअरला दातांच्या कडा थोड्याथोड्या झिजतात. अशा गोल झालेल्या कडांमुळे पुढे काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

दुसरं कारण म्हणजे स्लो जास्त ठेवलेला असणं. थंड इंजिन बंद पडू नये म्हणून मागच्या मालकाने स्क्रू पिळून ठेवलेला असतो. बऱ्याच मोटरींचा स्लो ७०० ते १,००० आरपीएमच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून तेवढाच ठेवा.

३. मोटर बंद आहे, शेडमध्ये उभी आहे, आणि गिअर पडतच नाही. जाम झालीय का?

बहुधा नाही. इंजिन बंद असताना डॉगचा दात गिअरच्या दातासमोर आला की पुढे सरकायला जागाच नसते. एकाने पंखा हाताने हळूहळू फिरवायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी हँडल हलकं दाबून धरायचं. दात खाचेसमोर आला की गिअर आपोआप पडतो. जोर लावू नका. अशाच वेळी लिंक वाकते आणि केबलचं टोक तुटतं.

पंखा फिरवूनही पडत नसेल, तर प्रश्न ५ पाहा.

४. माझ्या मोटरीला रिव्हर्सच नाही. विकणाऱ्याने फसवलं का?

आधी मोटर किती एचपीची आहे ते बघा. दोन-तीन एचपीच्या बऱ्याच मोटरींना कंपनीनेच रिव्हर्स दिलेला नसतो. काहींना फक्त न्यूट्रल आणि फॉरवर्ड असतो. मागे जायचं तर अख्खी मोटर १८० अंशात फिरवायची. होंडाच्या छोट्या मोटरींसारख्या काहींत सेंट्रीफ्यूगल क्लच असतो: स्लोवर पंखा थांबतो, रेस दिली की फिरतो.

मोटर मोठी असेल आणि रिव्हर्स टाकल्यावर मोटरच मागून वर उचलली जात असेल, तर दोष गिअरचा नाही. हाताने वर करायच्या मोटरींना ब्रॅकेटवर एक आकडा (हूक) असतो. रिव्हर्सला तो पिनेत अडकून मोटर खाली धरून ठेवतो. तो आकडा गंजून वर अडकला असेल किंवा त्याची स्प्रिंग गेली असेल. आकडा साफ करून ग्रीस लावा, स्प्रिंग बदला.

५. गिअर पडत नाही किंवा फार जड पडतो. शोध कुठून सुरू करू?

वरून. माझ्याकडे आलेल्या मोटरींत जड गिअरचं कारण बहुतेक वेळा पाण्याच्या वरच निघालेलं आहे. तरी लोक आधी खालची गिअरकेस खोलतात, नवे सील फाडतात आणि मूळ दोष तसाच ठेवून परत बसवतात.

पहिल्यांदा थ्रॉटल पूर्ण बंद आहे का ते पाहा. टिलरच्या, म्हणजे हातात दांडा असलेल्या, बऱ्याच मोटरींत थ्रॉटल उघडी असेल तर गिअरचा दांडा हलू नये अशी अडकण दिलेली असते. मूठ पूर्ण उलटी फिरवून मग प्रयत्न करा.

त्यानंतर रिमोट बॉक्सची (मोटरीपासून दूर, नावेत बसवलेल्या हँडलच्या डब्याची) केबल इंजिनाच्या बाजूने सोडवा. आता दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. केबल मोकळी असतानाही हँडल जड चालत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा बॉक्समध्ये. हँडल लोण्यासारखं चालत असेल, तर दोष इंजिनाच्या बाजूला. ही एक चाचणी अर्धं काम वाचवते आणि तिला एक पाना पुरतो.

मग इंजिनावरचा गिअरचा लिव्हर हाताने हलवा, दुसऱ्याला पंखा फिरवायला सांगून. फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स अशा तीन जागा हाताला स्पष्ट लागायला हव्यात. लागल्या तर खालचा भाग बहुधा शाबूत आहे. लिव्हर जड असेल तर त्याची बुशं बघा. खाऱ्या पाण्यातून आलेल्या मोटरींत प्लॅस्टिकच्या बुशांमागे मीठ आणि ॲल्युमिनिअमची पांढरी भुकटी साचते, लिव्हर आपल्याच पिनेवर धरतो. गोड्या पाण्याने धुऊन, गंज सोडवायचा स्प्रे मारून एक रात्र ठेवा, सकाळी हलवा, मरीन ग्रीस लावा.

हे सगळं मोकळं असूनही गिअर पडत नसेल, तेव्हाच शिफ्ट रॉडकडे आणि खालच्या गिअरकेसकडे वळा.

६. गिअर टाकला, रेस दिली, इंजिन ओरडतं पण नाव जागची हलत नाही.

याची तीन साधी कारणं आहेत आणि एकातही गिअर खोलावा लागत नाही.

रिमोट बॉक्स असेल तर हँडलच्या बुडाशी एक बटण असतं. थंड इंजिन गिअर न टाकता रेस करता यावं म्हणून ते दिलेलं असतं. ते आत किंवा बाहेर (बॉक्सप्रमाणे वेगळं) अडकून राहिलं की हँडल नुसती थ्रॉटल ओढतं. हँडल न्यूट्रलला आणून बटण जागेवर आणा.

छोट्या मोटरींत पंख्याला शिअर पिन असते. पंखा दगडाला, बांधाला, बुडालेल्या कुंपणाच्या तारेला आपटला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतात. नवी पिन घाला, पण त्याच मापाची आणि त्याच धातूची. खिळा किंवा पोलादी बोल्टचा तुकडा घातला तर पुढच्या धक्क्याला पिन टिकते आणि गिअर तुटतात.

मोठ्या मोटरींत पिनेऐवजी पंख्याच्या आत रबराचा हब असतो. तो सुटला की हळू चालवताना नाव जाते, रेस दिली की आरपीएम सळसळत वर जातात आणि नाव मंदावते. खात्रीसाठी आतल्या हबवर आणि बाहेरच्या पंख्यावर मिळून एक सरळ रेघ रंगवा. फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर हब गेला.

७. चालता चालता गिअर सुटतो. धाडकन आवाज येतो, परत पडतो, परत सुटतो.

हा खरा गिअरचा आजार आहे. हब सुटला असेल तर आवाज गुळगुळीत वाढतो. इथे मात्र धक्के बसतात आणि ते हातापर्यंत जाणवतात. असं होत असेल तर मोटर त्या क्षणी स्लोवर आणा. तशीच दामटली तर प्रत्येक धक्क्याला दात आणखी तुटतात आणि त्याचे तुकडे बाकीच्या गिअरमध्ये जातात.

तरीही लगेच निराश होऊ नका, कारण यातही स्वस्तातलं कारण असू शकतं: डॉग पूर्ण आतपर्यंत जातच नसेल. हँडल फॉरवर्डला टाका (पंखा फिरवत) आणि इंजिनावरचा लिव्हर जिथे थांबला तिथे खूण करा. आता केबल सोडवून तोच लिव्हर हाताने आणखी पुढे जातो का बघा. गेला, तर केबलचं ॲडजस्टमेंट कमी पडतंय, डॉग अर्धाच अडकतोय. केबलच्या टोकाचा आटा फिरवून ते दुरुस्त होतं. मात्र न्यूट्रल मधोमध राहिला पाहिजे, नाहीतर फॉरवर्ड सुधारतो आणि रिव्हर्स सुटायला लागतो.

लिव्हर आणखी पुढे जात नसेल, लिंकमध्ये हालचाल ढिली नसेल आणि शिफ्ट रॉडचा जोडही घट्ट असेल, तर डॉगच्या आणि गिअरच्या दातांच्या कडा गोल झाल्यात असं धरा. फक्त डॉग बदलून भागत नाही. ज्या गिअरला तो अडकतो त्याचेही दात तपासून, झिजले असतील तर दोन्ही बदलावे लागतात. पंख्याचा शाफ्ट वाकला असेल किंवा बेअरिंग गेलं असेल, तर नवे दातही लवकर जातील. तेही त्याच वेळी पाहून घ्या. उसाच्या फडांवरून, रस्त्याच्या दुभाजकांवरून पुरात चाललेल्या मोटरींत वाकलेला शाफ्ट हमखास बघण्यासारखा.

८. पाण्याच्या पंपाचा इंपेलर बदलला आणि तेव्हापासून फक्त फॉरवर्ड पडतो. आधी तर ठीक होतं!

खालचा भाग काढून परत लावताना शिफ्ट रॉड चुकीच्या जागी जोडला गेलाय. हा दोष इतक्यांकडून कळतो, की इंपेलर बदलणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं असं मला वाटतं.

काही मोटरींत शिफ्ट रॉड दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये आट्याचा जोड असतो. तो जितका पिळाल तितकी रॉडची लांबी बदलते, आणि लांबी बदलली की न्यूट्रलची जागा बदलते. सोडवण्यापूर्वी आटे मोजा, मोबाइलवर फोटो काढा, लॉकनट कुठे होता ते लिहा. काही मोटरींत रॉड खाचांच्या जोडात नुसता बसतो. तिथे वरचं हँडल आणि खालचा गिअर, दोन्ही मॅन्युअलने सांगितलेल्या एकाच स्थितीत असले पाहिजेत. एक बाजू न्यूट्रलला आणि दुसरी फॉरवर्डला असताना भाग चढवला, की नेमका तुमच्यासारखा प्रकार होतो.

उपाय: पुन्हा उतरवा, खालचा रॉड हाताने हलवून तिन्ही जागा शोधा, दोन्हीकडे जुळवून चढवा. बोल्ट पूर्ण आवळण्यापूर्वी तिन्ही गिअर तपासा.

९. केबल जड झालीय. आत तेल सोडू का?

नको. आजच्या केबलींना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं; त्यात इंजिन ऑइल किंवा डिझेल सोडलं तर आतली माती धरून ठेवायचं काम ते करतं. टोकाच्या दांड्याला ग्रीस लावा, वळणं तपासा. केबल कुठे आवळून बांधली असेल किंवा तीव्र वळली असेल तर मोकळी करा. तरीही जड राहिली तर बदला. बाहेरचं आवरण फुगलेलं किंवा चिरलेलं दिसलं तर वाट बघायचीच नाही.

१०. न्यूट्रलला असूनही पंखा फिरतो.

थंडीच्या सकाळी गिअर ऑइल घट्ट असताना पंखा हळूहळू ओढला जाणं सामान्य आहे. ऑइल गरम झालं की कमी होतं. पाण्यात मात्र न्यूट्रलमध्ये नाव पुढे सरकत असेल, तर डॉग मधोमध नाही. ॲडजस्टमेंट प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे. पाण्यात पोहणारा माणूस नावेजवळ घ्यायचा असतो तेव्हा हा दोष जीवघेणा ठरतो. अशी मोटर बचावकामाला नेऊ नका, आणि माणूस वर घेताना मोटर पूर्ण बंदच करा.

११. गिअर टाकला की इंजिन बंद पडतं.

स्लो कमी असेल. किंवा पंख्याला काहीतरी गुंडाळलं असेल: पंचगंगेत जलपर्णी, नायलॉनची दोरी, साडीचा तुकडा. पंखा काढून शाफ्टच्या मुळाशी बघा. तिथे घुसलेला नायलॉनचा धागा ऑइल सील कापतो आणि प्रश्न १२ सुरू होतो. पंखा मोकळा असूनही हाताने जड फिरत असेल तर बेअरिंग किंवा गिअर धरतायत.

१२. गिअर ऑइल दुधाळ झालंय. अजून गिअर तर नीट पडतोय, चालवू का?

या मोसमात कदाचित चालेल. पण पाणी गेलेल्या ऑइलमध्ये बेअरिंग गंजतात, आणि मोटर दहा महिने उभी राहणार असेल तर तो गंज उभ्या उभ्या वाढतो. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे पाणी आत येतंय. पंख्याच्या शाफ्टचं सील, उभ्या शाफ्टचं सील, शिफ्ट रॉडचं सील आणि ऑइलच्या स्क्रूंची वायसरं, यापैकी कुठूनतरी. हवेचा दाब देऊन गळती शोधतात. दाब किती द्यायचा ते मॅन्युअलमधूनच घ्या, जास्त दिला तर चांगली सीलंही उलटतात.

ऑइल बदलताना खालचा स्क्रू आणि वरचा स्क्रू दोन्ही काढा. भरताना खालून भरायचं, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत. मग आधी वरचा लावायचा, नंतर खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. वायसरं दर वेळी नवी. ऑइल आउटबोर्डचंच हायपॉइड ९०. इंजिन ऑइल चालत नाही. चुंबकाच्या स्क्रूवर राखाडी, मऊ पेस्ट असेल तर ठीक. बोटाला टोचणारे कण असतील तर गिअरकेस उघडायची वेळ आली.

एक सावधगिरी जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींसाठी. त्यांच्या गिअरकेसवर ऑइलच्या स्क्रूजवळ एक फुलीच्या खाचेचा स्क्रू असतो. तो ऑइलचा नाही. आतली गिअर सरकवायची दांडी त्याच्यावर टेकलेली असते. तो काढला तर दांडी सुटते आणि अख्खी गिअरकेस खोलावी लागते.

१३. झिजलेला डॉग उद्यमनगरात भरून, घासून मिळेल का?

हा प्रश्न कोल्हापुरातच येतो, आणि येणारच. शिवाजी उद्यमनगरात काय बनत नाही? तरी याचं उत्तर नाही असंच आहे, आणि कारण कारागिराच्या हातात नाही, धातूत आहे. डॉगचे दात वरून कडक केलेले आणि आतून चिवट ठेवलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जातो किंवा दात ठिसूळ होतो. शिवाय दातांच्या बाजू सरळ नसतात. भार आला की एकमेकांत आणखी ओढले जावेत असा त्यांना किंचित तिरपेपणा असतो. हाताच्या ग्राइंडरने तो येत नाही. नवा डॉग आणि गिअर कंपनीचेच घ्या.

पण बाकी कितीतरी गोष्टी इथे उत्तम होतात, आणि त्या कोकणात पाठवायची गरज नाही. लिव्हरची पितळी बुशं, स्टेनलेसच्या पिना, झिजलेली क्लेविस, ब्रॅकेटचा आकडा, गंजून तुटलेला बोल्ट काढून नवा आटा पाडणं, ॲल्युमिनिअमच्या पंख्याची पाती सरळ करणं. बेअरिंगवर नंबर असतो. पुष्कळदा तेच बेअरिंग बाजारात मिळतं. ऑइल सील मापावरून मिळतं, पण पाण्यात चालणारं, स्टेनलेस स्प्रिंगचं मागा.

१४. सेकंडहँड मोटर घेताना गिअर कसा तपासू?

‘स्टार्ट होते बघा’ एवढ्यावर पैसे देऊ नका. ड्रममध्ये मोटर सगळ्यांचीच चालते. गिअर सुटणं भाराखालीच कळतं. नावेला लावून, माणसं बसवून, पाण्यात फेरी मागा. फॉरवर्डला पूर्ण रेस, मग स्लो, मग रिव्हर्स अर्ध्या रेसवर. जाण्यापूर्वी पंख्यावर प्रश्न ६ मधली रेघ काढा.

मोटर रात्रभर उभी असेल तर खालचा ऑइलचा स्क्रू अगदी थोडा सैल करायला सांगा. पाणी जड, म्हणून तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. नुकतंच बदललेलं चकचकीत ऑइल दिसलं तर खूश होऊ नका. फेरीनंतर परत बघा. गिअरकेसच्या तळाचा, माशाच्या परासारखा पत्रा (स्केग) घासलेला किंवा वेल्ड केलेला असेल तर मोटर आपटलेली आहे. मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी शाबूत हवी, कारण सुटे भाग तिच्यावरूनच मिळतात. आणताना फोर-स्ट्रोक मोटर घाटातून आडवी आणत असाल तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच झोपवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये जातं.

१५. हँडल पुढे टाकलं की नाव मागे जाते!

केबल उलट बसलीय. काही कंपन्यांचे बॉक्स फॉरवर्डला केबल ढकलतात, काहींचे ओढतात. मोटर एका कंपनीची आणि बॉक्स दुसऱ्याचा असला की असं होतं. काही बॉक्समध्ये केबलची बाजू बदलता येते.

केबल बरोबर असेल तर मोटर जोडीतली आहे का ते विचारा. दोन मोटरींच्या मोठ्या बोटींत एक मोटर उलट्या फिरणीची असते; यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत अशा मोटरीच्या नावाच्या सुरुवातीला ‘एल’ असतो. तिला उलट्या पिळाचाच पंखा लागतो. मागच्या मालकाने साधा पंखा लावून विकली असेल तर ती मागे ढकलणारच. केबल उलटी करून काम भागवू नका. तसं केल्यास मोटर कायम रिव्हर्सच्या गिअरवर चालते, आणि तो गिअर लांब पल्ल्यासाठी बनवलेला नसतो.

१६. पुरात, लोक बसलेले असताना गिअर अडकला तर?

फॉरवर्डमध्ये अडकला असेल तर किल स्विचची दोरी ओढा. इंजिन बंद करणं हा एकच खात्रीचा ब्रेक आहे. पुन्हा सुरू करायला जाऊ नका, कारण गिअरमध्ये असताना बऱ्याच मोटरी स्टार्ट होऊ देत नाहीत, आणि ती अडकण काढून टाकलेली मोटर तर स्टार्ट होताक्षणी उडी मारते. वल्ह्याने किंवा बांबूने नाव झाडाला, खांबाला लावा, दोरी बांधा, मग कव्हर उघडा. केबलचं टोक सुटलं असेल तर मोटर बंद ठेवून लिव्हर हाताने न्यूट्रलला आणता येतो. चालू इंजिनाचं कव्हर काढून हाताने गिअर टाकू नका. वर फ्लायव्हील उघडं फिरत असतं आणि नाव हलत असते.

त्यासाठी नावेत कायम ठेवायच्या गोष्टी: दोन वल्ही, लांब दोरी, नांगर, मापाच्या शिअर पिना आणि स्प्लिट पिना, पंख्याचा जादा नट, त्याला बसणारा पाना, पक्कड आणि धारदार सुरी. सगळं एका डब्यात घालून डबा नावेला बांधलेला असू द्या.